मला शेजारीण म्हणून बोलवा

गेल्या महिन्यात नागपुरातल्या एका सभागृहात हिंदू-मुस्लिम संवादावर चर्चा होती आणि वक्त्यांमध्ये मलाही बोलावलं होतं. मी शाळेत मराठी शिकवते, त्याला सव्वीस वर्षं झाली. माहेर उमरेडचं. आमच्या घरी आजीपासून सगळे मराठीच बोलत आले. नमाज अरबीतून आणि बाकी सगळा संसार मराठीतून. धर्माने मी मुसलमान आहे. पहिले वक्ते म्हणाले, शंभर वर्षं संवाद चालू आहे, हाती काय लागलं? दंगल व्हायची तेव्हा होतेच. दुसरे वक्ते म्हणाले, आपली संस्कृती मिलाफाची आहे, मूठभर लोक विष कालवतात, विश्वास नसेल तर ताजबागच्या दर्ग्याला जाऊन बघा. टाळ्या दोघांनाही भरपूर मिळाल्या. मग माझी पाळी आली आणि सूत्रसंचालकांनी अतिशय आदराने विचारलं, "मॅडम, इस्लाम शांततेबद्दल नेमकं काय सांगतो?"

मी त्या दिवशी भाड्याच्या घरांबद्दल बोलायचं ठरवून गेले होते. तो विषय निघालाच नाही. काहीतरी उत्तर दिलं, तेही धड नाही, कारण मी धर्मशास्त्राची अभ्यासक नाही. माझ्या शेजारी बसलेल्या प्राध्यापकांना कोणी गीतेतला कर्मयोग विचारला नव्हता. त्यांना शहराबद्दल त्यांचं मत विचारलं होतं. हा फरक मला घरी पोचेपर्यंत टोचत राहिला, आणि त्यातूनच हा लेख लिहिते आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. नागपुरात धर्माधर्मांमधल्या संवादाची टंचाई नाही. पंडित, मौलाना, भन्ते आणि फादर एका ओळीत बसवून, शाल-श्रीफळ देऊन होणारे कार्यक्रम इथे दरवर्षी होतात. टंचाई आहे ती शेजाऱ्याशेजाऱ्यांमधल्या बोलण्याची, आणि पहिल्याचा गाजावाजा दुसऱ्याची जागा खाऊन बसला आहे. मुसलमानाला जोवर इस्लामचा वकील म्हणूनच बोलावलं जाईल, तोवर त्याच्याशी नालीबद्दल, शाळेबद्दल, घरभाड्याबद्दल, भोंग्याबद्दल बोलणं होणार नाही. आणि माणसं एकमेकांपासून तुटतात ती याच गोष्टींवरून. संवाद निरुपयोगी म्हणणारे आणि संवादाचे गोडवे गाणारे, दोघंही व्यासपीठावरच्या त्या एकाच प्रकाराला संवाद समजून भांडत आहेत.

भाड्याच्या घराची गोष्ट तिथे राहून गेली, ती इथे सांगते. आठ-नऊ वर्षांपूर्वी आम्ही घर शोधत होतो. वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातीवरून फोन केला. मालकीणबाई चांगल्या पंधरा मिनिटं बोलल्या. दोन खोल्या, मोठं स्वयंपाकघर, बोअरचं पाणी, उन्हाळ्यात कूलर भरायला खिडकीपर्यंत नळी आणलेली. माझ्या शाळेचं नाव ऐकून म्हणाल्या, "अगं बाई, माझी पुतणी तिथंच होती की! संध्याकाळी चहालाच या." आणि मग, "पूर्ण नाव सांगून ठेवा, म्हणजे यांच्या कानावर घालते." मी नाव सांगितलं. पलीकडे काही वेळ नुसता पंख्याचा आवाज येत राहिला. "तसं आमचं काही नाही हो मॅडम," त्या म्हणाल्या, "पण वरच्या मजल्यावरच्यांना नॉनव्हेज चालत नाही." मी म्हटलं, घरात करणार नाही. त्या म्हणाल्या, "यांना विचारून कळवते." त्यांचा फोन आला नाही. त्या बाई दुष्ट होत्या असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. त्यांचा आवाज पडला होता, आणि त्यात शरम होती. आता सांगा, इस्लाममधली शांततेची शिकवण त्यांना समजावून काय झालं असतं? त्यांना धाक होता वरच्या मजल्याचा, आणि बहुधा त्यांच्या ओळखीत नावाने हाक मारावी असं एकही मुसलमान घर नव्हतं.

मग हीच माणसं म्हणतात, मुसलमान आपल्याच वस्तीत घोळका करून राहतात. त्यात तथ्य आहे. ज्यांना परवडतं ते जाफरनगर गाठतात, ज्यांना नाही ते मोमिनपुऱ्यातल्या वडिलोपार्जित घरात आणखी एक माळा चढवतात. सगळे नाकारले गेले म्हणूनच जातात असंही नाही. पुष्कळांना मशीद जवळ हवी असते, नातेवाईक हाकेच्या अंतरावर हवे असतात, दंगलीच्या रात्री एकटं पडायचं नसतं. आणि हेही सांगायला हवं की माझ्या एखाद्या हिंदू सहकाऱ्याने आमच्याकडच्या एखाद्या इमारतीत घर मागितलं असतं तर ते मिळालंच असतं, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण हे सगळं बोलायचं कुठे? सर्वधर्म मेळाव्यात हा विषय काढला की आयोजक अस्वस्थ होतात. वातावरण बिघडतं म्हणतात.

वातावरण न बिघडवता जोडलेलं ऐक्य किती टिकतं, हे पाहायला नागपूरकरांना दूर जायची गरज नाही. डिसेंबर १९२० मध्ये काँग्रेसचं अधिवेशन या शहरात भरलं. असहकारावर इथे शिक्कामोर्तब झालं, आणि खिलाफतीच्या, म्हणजे तुर्की खलिफाचं पद राखण्याच्या, प्रश्नाने हिंदू-मुसलमान नेते एका मांडवात आणले. त्या दिवसांचा उत्साह खोटा नव्हता, नेतेही लहान नव्हते. पण तीन वर्षं उलटली नाहीत तोच, १९२३ साली, याच शहरात मशिदीपुढून वाद्यं वाजवत जावं की नाही यावरून तेढ पेटली आणि वाजतगाजत दिंड्या काढून 'दिंडी सत्याग्रह' झाला. सप्टेंबर १९२७ मध्ये तर मोठी दंगल झाली. ज्या प्रश्नावर एकी झाली तो इस्तंबूलच्या खलिफाचा होता. तुर्कांनीच मार्च १९२४ मध्ये ते पद रद्द करून टाकलं. ज्या प्रश्नावर डोकी फुटली तो मात्र पन्नास-शंभर पावलांच्या रस्त्याचा होता. कोणत्या वेळी वाजवायचं, कुठे थांबायचं, एकत्र पढायच्या नमाजाला किती मिनिटं लागतात, एवढंच बोलायला हवं होतं. ते १९२० च्या मांडवात बोलायचं कोणाला सुचलं असतं? तिथे तर साम्राज्याशी लढा चालू होता.

पहिले वक्ते याच इतिहासाकडे बोट दाखवतील आणि म्हणतील, बघा, संवाद फसतो. मला वाटतं फसला तो वरून खाली ओतलेला संवाद. खालून उभा राहिलेला टिकल्याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. भिवंडी हे यंत्रमागाचं गाव. १९७० साली शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून तिथे भीषण दंगल झाली, १९८४ मध्ये पुन्हा झाली. पोलिसांच्या शांतता समित्या तेव्हाही होत्या, आणि त्यात तेच ते पुढारी, तेच मान्यवर असायचे. १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्यात मुद्दाम साधी माणसं घेतली: माग चालवणारे, दुकानदार, गृहिणी, ज्यांना ठाण्याची पायरी चढायची भीती वाटते अशी. दोन्ही समाजांची. भेटी नियमित होत आणि विषय साधेच असत. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती, आणि शेजारची भिवंडी, जिच्याबद्दल सगळ्यांना धास्ती होती, ती शांत राहिली. अशा समित्या एका अधिकाऱ्याच्या जिवावर उभ्या असतात आणि बदली झाली की सुस्तावतात, हा आक्षेप मला मान्य आहे. औषध थांबवल्यावर दुखणं परतलं तर त्यावरून औषध खोटं ठरतं का?

आता १७ मार्च २०२५. तिथीने शिवजयंती होती, रमजान चालू होता आणि दहावीचा शेवटचा पेपर होता, भूगोलाचा. दुपारी पोरं पेपर देऊन मोकळी झाली होती. त्याच दिवशी शहराच्या महाल भागात औरंगजेबाच्या कबरीविरोधात आंदोलन झालं, आणि त्यात जाळलेल्या चादरीवर कुराणातल्या आयती होत्या अशी बातमी संध्याकाळपर्यंत फोनाफोनी पसरली. ती अफवा होती, असं पुढे मुख्यमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितलं. इफ्तारनंतर मलाही माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा मेसेज आला, सोबत व्हिडिओ. मी विचारलं, "तू स्वतः पाहिलंस?" म्हणाला, "नाही मॅडम, ग्रुपवर आलंय." मी लिहिलं, "महालात ओळखीचं कोणी असेल ना? फोन करून विचार खरं काय झालं." बराच वेळ काही आलं नाही. मग आलं, "तिकडे माझ्याकडे कोणाचाच नंबर नाही."

हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. बावीस वर्षांचा पोरगा, मोमिनपुऱ्यात जन्मलेला आणि वाढलेला. महाल गाडीवर दहा मिनिटांच्या आत. त्याच्या फोनमध्ये शेकडो नंबर, आणि ती एक गोष्ट विचारावी असा तिथला एकही नाही. महालातल्या त्याच्याच वयाच्या पोरांकडे तरी मोमिनपुऱ्यातला एखादा नंबर असेल का? संवादाची माझी कसोटी यापेक्षा मोठी नाही. त्या तासाला फोन करायला पलीकडच्या गल्लीतलं एक माणूस आहे का, आणि तो तुमचा फोन उचलेल का?

त्या रात्री गाड्या जळल्या, घरांवर दगड आले, पोलीस जखमी झाले. अकरा पोलीस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली. जखमींपैकी एक जण नंतर दगावला. त्या रात्री दगड हातात घेणाऱ्यांत आणि पोलिसांवर हात टाकणाऱ्यांत माझ्या समाजातली पोरं होती, हे लिहिताना मला आडवळण घ्यायचं नाही. अफवा खरी असती तरी ते गुन्हाच ठरलं असतं. चादर जाळल्याची तक्रार ठाण्यात होते. हंसापुरीत कोणाच्या तरी दारात उभी असलेली गाडी जाळून कोणत्या आयतीची इज्जत राखली गेली? आणि ज्या बादशहाच्या नावाने हे सगळं झालं, त्याच्याशी या शहराचं नातं तरी किती गुंतागुंतीचं! नागपूर वसवणारा बख्त बुलंद शहा हा देवगडचा गोंड राजा. तो इस्लाम स्वीकारून औरंगजेबाच्या दरबारी गेला, तिथून राज्य परत मिळवून आला, आणि पुढे त्याच औरंगजेबाविरुद्ध बंड करून उठला. त्याचा धर्म तोच राहिला, निष्ठा बदलली. पुढे भोसले आले तेव्हाही गोंड राजाचं घराणं याच शहरात, त्याच्या किल्ल्यात नांदत राहिलं. ज्या शहराचा पायाच असा आहे त्याची दोन रकान्यांत वाटणी कशी करणार?

इथे सगळ्यात वजनदार आक्षेप येतो, आणि तो माझ्याच घरातून येतो. माझा धाकटा भाऊ म्हणतो, "आपा, ज्याच्या घरावर बुलडोझर आला त्याला तू चहा-बिस्किटाच्या बैठकीला बोलावणार आहेस का? आधी न्याय, मग गप्पा." त्याचं म्हणणं खोडून काढायचा माझा प्रयत्न नाही. केवळ आरोपी आहे म्हणून घर पाडता येणार नाही, नोटीस आणि सुनावणी हवीच, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं होतं. तरीही मार्चमधल्या हिंसेनंतर नागपुरात आरोपीच्या कुटुंबाचं घर पाडलं गेलं, आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्थगिती दिली तोवर ते जमीनदोस्त झालं होतं. ज्याचं छत गेलं त्याला सलोख्याचं भाषण ऐकवणं हा त्याचा दुसरा अपमान आहे. संवादाने कायद्याची जागा घेऊ नये. सलोखा समितीने 'जाऊ द्या, विसरा' म्हणत तक्रार मागे घ्यायला लावणं, हे तर मी संवादच मानत नाही.

पण भावाला माझा एक प्रश्न आहे. न्यायालयात साक्ष द्यायला कोण येणार? अमुक पोरगा त्या रात्री दंगलीत नव्हता, माझ्याच दुकानाचं शटर ओढायला मदत करत होता, हे कोण सांगणार? किंवा उलट, गाडी पेटवणारा अमुकच होता, मी ओळखतो, हे पोलिसांना निर्भयपणे कोण सांगणार? साक्षीदार आभाळातून पडत नाहीत, शेजारीच साक्षीदार असतात. ज्या शेजाऱ्याला तुमचं नाव माहीत नाही तो तुमच्यासाठी कठड्यात उभा राहत नाही. न्याय आधी की ओळख आधी, असा क्रम लावताच येत नाही. खटले वर्षानुवर्षं चालतात, आणि गल्ली तर उद्या सकाळीही तिथेच असते, पाण्याची वेळही तीच असते.

दुसरा आक्षेप समोरच्या बाकावरून येतो, आणि त्यातही दम आहे. "तुम्ही लोक आपल्यातल्या चुकांवर बोलत नाही. तलाक, बुरखा, मुलींचं शिक्षण निघालं की धर्मात ढवळाढवळ नको म्हणता. मग संवाद कसला? एकतर्फी ऐकून घेणं?" हा प्रश्न पुष्कळदा शस्त्र म्हणून वापरला जातो, हे मला ठाऊक आहे. ज्याला मुसलमान बाईशी काही देणंघेणं नाही तोही तो विचारतो. पण विचारणाऱ्याची नियत वाईट असली म्हणून प्रश्न वाईट होत नाही. १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंनी सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला. तोंडी तलाक बंद करा, ही त्यांची मागणी होती. फक्त सात बायका! सर्वोच्च न्यायालयाने तिहेरी तलाक रद्द ठरवला तो २२ ऑगस्ट २०१७ ला, एक्कावन्न वर्षांनी, आणि तेही शायरा बानो आणि इतर मुस्लिम स्त्रियांनीच दार ठोठावलं म्हणून. मधल्या पन्नास वर्षांत आमच्या समाजाने दलवाईंना किती ऐकून घेतलं? त्यांना धर्मद्रोही ठरवून आम्ही मोकळे झालो. ही आमची चूक आहे, आणि ती मी कोणत्याही सभागृहात कबूल करीन.

फक्त हा आक्षेप घेणाऱ्यांनी एक करावं. मंचावरच्या खुर्च्या मोजाव्यात. मुसलमानांशी बोलायचं म्हटलं की निमंत्रण जातं मौलाना साहेबांना, फार तर एखाद्या पुढाऱ्याला. त्या सात बायकांना खुर्ची तुम्हीही कधी दिली नाही. एका बाजूने मौलवींनाच समाजाचे प्रतिनिधी मानायचं, आणि दुसऱ्या बाजूने समाज मौलवींच्या मुठीत आहे म्हणून नावं ठेवायची, हे दोन्ही एकदम कसं चालेल? आणि कोणते मौलाना? नागपुरात बरेलवी आहेत, देवबंदी आहेत, अहले-हदीस आहेत, शिया आहेत, इतवारीत बोहरा आहेत. अन्सारी, कुरेशी, मेमन, बागवान, प्रत्येकाची जमात वेगळी, लग्नसंबंध वेगळे, चिंता वेगळ्या. २०११ च्या जनगणनेत शहराची सुमारे १२ टक्के लोकसंख्या मुसलमान होती. एवढ्या लोकांचं मत एका दाढीत मावेल का?

इमामांचं महत्त्व मी कमी लेखत नाही. दंगलीच्या रात्री मशिदीतून 'घरी जा' अशी हाक आली तर ती पोरं ऐकतात, माझं ऐकत नाहीत. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी 'मस्जिद परिचय'चे कार्यक्रम होतात, शेजारच्या हिंदू कुटुंबांना मशिदीत बोलावून आत काय असतं ते दाखवतात, तेही चांगलंच आहे. बंद दाराबद्दलच्या निम्म्या कल्पना दार उघडल्यावर गळून पडतात. पण पाहुणा घर बघून गेला म्हणजे शेजार झाला असं होत नाही. शिवाय 'हिंदू-मुस्लिम' म्हणताना नागपुरात आपण आणखी कोणाला विसरतो ते बघा. याच जनगणनेत शहरात बौद्ध १५ टक्क्यांहून जास्त होते, मुसलमानांपेक्षा अधिक. १९३५ साली येवल्यात धर्मांतराची घोषणा करून बाबासाहेबांनी एकवीस वर्षं धर्म या गोष्टीची उघडपणे चिरफाड केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला याच शहरात लाखोंसह दीक्षा घेतली. धर्माला कठोर प्रश्न विचारण्याची एवढी मोठी परंपरा गावात असताना आपले संवादाचे कार्यक्रम मात्र 'सगळे धर्म एकच सांगतात' या वाक्यापुढे सरकत नाहीत.

ते वाक्य खरं नाही. एकाच निराकार अल्लाहपुढे झुकणारी मी आणि गणपतीची प्राणप्रतिष्ठा करणारी माझी शेजारीण, आम्ही एकच गोष्ट सांगत नाही आहोत. तिच्या मूर्तीपुढे मी हात जोडत नाही, हे तिला माहीत आहे. मी पाठवलेल्या शिरखुर्म्याची वाटी ती आवडीने रिकामी करते, पण बकरी ईदला आमच्याकडे येत नाही, हे मला माहीत आहे. एकनाथांनी सोळाव्या शतकात 'हिंदू-तुर्क संवाद' लिहिला, तो मुद्दाम काढून वाचावा. त्यात हिंदू आणि तुर्क सुरुवातीपासून भांडतात, एकमेकांच्या देवधर्माची वर्मं काढतात, तोंडं सोडतात. हिंदूची भाषा वेगळी, तुर्काची वेगळी. आणि एवढं सगळं बोलून झाल्यावर, शेवटी, ते एकमेकांना भेटतात. नाथांनी भांडण वगळून नुसती गळाभेट लिहिली असती तर चारशे वर्षांनी कोणी वाचली असती का? आपण आज शेवटचंच पान वाचून दाखवतो आहोत.

ताजबागचं उदाहरण देणाऱ्यांबद्दलही थोडं. ताजुद्दीन बाबा कामठीचे. वेड्यांच्या इस्पितळात त्यांनी अनेक वर्षं काढली, तिथून राजे रघुजीराव भोसल्यांनी त्यांना सन्मानाने शक्करदऱ्याच्या आपल्या राजवाड्यावर आणलं. १७ ऑगस्ट १९२५ ला बाबा गेले. त्याच वर्षीच्या दसऱ्याला, याच शहरात, महालात राष्ट्रीय स्वयंसेवक संघाची स्थापना झाली. शंभर वर्षं दोन्ही प्रवाह एकाच गावातून वाहत आहेत, आणि अनेक घरांत तर ते एकाच माणसाच्या मनातून वाहतात: सकाळी शाखेत जाणारा आणि गुरुवारी ताजबागला नारळ वाहणारा माणूस नागपूरकराला नवा नाही. मला त्या दर्ग्याबद्दल ममत्व आहे, माझी आई उमरेडहून एसटीने तिथे यायची. पण ताजबागला जोडीने चादर चढवलेल्या माणसालाही पूर्ण नाव ऐकल्यावर घर नाकारता येतं. आणि आमच्यातलेही कित्येक दर्ग्याला जाणं मानत नाहीत. श्रद्धेची जागा सामायिक असणं ही मोठी गोष्ट आहे. तिथून घरी परतल्यावर काय, हा प्रश्न उरतोच.

परतल्यावर काय, याचं मला माहीत असलेलं एक लहान उत्तर आमच्या गल्लीत आहे. गल्ली मिश्र आहे: आठ-दहा मुसलमान घरं, बाकी हिंदू आणि बौद्ध. एका टोकाला मशीद, दुसऱ्या टोकाला गणेश मंडळाची जागा. काही वर्षांपूर्वी बारावीच्या परीक्षेच्या दिवसांत आवाजावरून कुरबूर सुरू झाली. कोणी ठाण्यात अर्ज दिला, कोणी उलटा अर्ज दिला. मग चार बायका मशिदीचा कारभार पाहणाऱ्या मुतवल्लींकडे गेल्या, त्यात मी होते, आणि समोरच्या पाटीलकाकू होत्या, ज्यांची नात परीक्षेला बसली होती. काकूंनी इस्लामबद्दल काहीही विचारलं नाही. त्यांनी नातीचं वेळापत्रक दाखवलं. मुतवल्ली चाचांनी ते चष्मा लावून वाचलं, आणि अजान सोडून बाकी तकरीर, म्हणजे प्रवचन, त्या महिनाभर आतल्या स्पीकरवर होईल, असं तिथल्या तिथे सांगितलं. मग त्यांनी त्यांची अडचण काढली. दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या दिवसांत गल्लीत मय्यत झाली होती आणि मांडवामुळे जनाजा मागच्या बोळातून, खांदा तिरका करून न्यावा लागला होता. हे काकूंना माहीतच नव्हतं. त्या इतक्या ओशाळल्या की उठून उभ्या राहिल्या. त्या वर्षी मंडळाने मांडव चार फूट भिंतीकडे सरकवला.

हे कायम टिकलं असं नाही. दोन वर्षांनी मंडळाचा अध्यक्ष बदलला, नव्या पोरांनी मोठा डीजे आणला आणि मांडव पुन्हा मध्यावर आला. मशिदीतही नवे ट्रस्टी आले आणि एका धार्मिक जलशाला रात्री उशिरापर्यंत भोंगा चालला. पुन्हा वेळापत्रक घेऊन जावं लागलं, पुन्हा टेप लावून रस्ता मोजावा लागला. दर वेळी जावंच लागतं. पण २०२५ च्या त्या आठवड्यात, बाहेर संचारबंदी असताना, रात्री पावणेदहाला पाटीलकाकूंचा फोन आला. "झोपल्या का हो मॅडम? आमचा नातू म्हणून राहिला की मशिदीवर दगड मारले. खरं आहे का?" मी खिडकीतून पाहिलं. दिवा लागलेला होता, तरावीहची, रमजानमधली रात्रीची नमाज आटोपून चाचा कुलूप लावत होते. मी म्हटलं, "नाही काकू, चाचा कुलूप लावून राहिले." "बरं झालं बाप्पा," त्या म्हणाल्या, "सांगते त्याला."

आता आम्ही दोन महिन्यांतून एकदा बसतो. पाटीलकाकूंच्या ओसरीवर, कधी आमच्या गच्चीवर. ठाण्याचं कोणी आलं तर ठीक, नाही आलं तरी बसतो. विषय एका शाळेच्या वहीत आधी लिहून ठेवतो. पुढच्या बैठकीचे तीन लिहिले आहेत. पहिला, पावसाळ्याआधी नालीचा गाळ. दुसरा, गणपती आणि ईद-ए-मिलादच्या मिरवणुकांच्या वेळा. तिसरा मी माझ्या हाताने लिहिला आहे: गल्लीतल्या रिकाम्या खोल्या भाड्याने देताना आपण नाव विचारून नाकारतो का. हा विषय असेल तर येणार नाही, असं दोन घरांनी कळवलं आहे, एक त्यांच्यातलं आणि एक आमच्यातलं. पाटीलकाकू म्हणाल्या, या वेळी राहू द्या, पुढच्या वेळी घेऊ. मी अजून तो खोडलेला नाही.